आधी हसू, मग भीती : दादासाहेब फाळके यांचा ‘कालिया मर्दन’

शिमगा आला की रत्नागिरी जिल्ह्यातील गावागावांत नमन-खेळे रंगू लागतात. गण होतो, मग गवळण येते. कृष्ण आणि त्याचे सवंगडी मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडवतात, मावशीची फजिती होते आणि मांडवात हशा पिकतो. पुढे त्याच जागेवर रावण अवतरतो आणि मघाशी खदखदून हसणारी मुले आईच्या कुशीत शिरतात. काळ्या वेशातला, उंच टोकदार टोपीचा संकासुर अंगावर धावून आला, तर मुले किंचाळत पळतात आणि पळता पळता हसतात. हसू आणि भीती ही एकाच घरातील भावंडे आहेत, हे कोकणातल्या प्रेक्षकाला कोणी शिकवावे लागत नाही.

हिंस्र प्राणी आणि माणूस यांच्या झुंजीवर बेतलेले चित्रपट आज जगभर निघतात. ‘जॉज’मधील (१९७५) शार्क, ‘अ‍ॅनाकोंडा’तील (१९९७) अजस्र साप, ‘लेक प्लॅसिड’मधील (१९९९) मगर यांना पाहून प्रेक्षक दचकला, आणि ‘ट्रेमर्स’सारख्या (१९९०) चित्रपटात दचकता दचकता हसलाही. या चित्रपटांची रीत ठरलेली असते. सुरुवातीला सहल, थट्टामस्करी, निर्धास्त माणसे. मग पाण्याखालची हालचाल. ही रीत भारतीय पडद्यावर १९१९ मध्येच येऊन गेली होती. तो चित्रपट होता ‘कालिया मर्दन’ आणि त्याचे कर्ते होते धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. मात्र पडद्यावरच्या प्राण्याशी त्यांचे नाते किती जुने होते आणि त्यासाठी त्यांनी घरातले काय काय पणाला लावले, याची आठवण फारशी निघत नाही.

शास्त्रीबुवांचा जादूगार मुलगा

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे फाळके यांचा जन्म झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे गाढे पंडित. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात त्यांची नेमणूक झाली आणि कुटुंब मुंबईत आले. पौरोहित्याचा वारसा चालवण्याऐवजी मुलाने १८८५ मध्ये जे. जे. कला विद्यालयात प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला, छायाचित्रण, छपाई, साचेकाम अशी एकेक विद्या त्याने हस्तगत केली.

गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रांचा व्यवसाय थाटला. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो, या समजुतीने लोक समोर बसायला कचरत, असा तो काळ होता. त्यातच प्लेगच्या साथीत पत्नी आणि मूल गेले. हा आघात पचवून फाळके पुन्हा उभे राहिले. जादूचे प्रयोग ते शिकले होतेच. आडनावाची अक्षरे उलटी करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते प्रयोग करू लागले. माणसाच्या डोळ्याला कसे फसवावे आणि फसताना त्याला आनंद कसा व्हावा, याचे धडे त्यांना इथे मिळाले. पुढे कॅमेऱ्याच्या युक्त्या करताना ही विद्या त्यांच्या कामी आली.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. सरस्वतीबाई घरात आल्या. काही काळ पुरातत्त्व खात्यात नोकरी, स्वदेशीच्या वाऱ्यात तिचा त्याग, लोणावळ्याला छपाईचा कारखाना, राजा रविवर्मा यांच्या चित्रांची छपाई, यंत्रसामग्रीसाठी १९०९ मध्ये जर्मनीचा प्रवास आणि अखेर भागीदारांशी मतभेद, अशी वळणे घेत फाळके चाळिशीत पोहोचले, ते रिकाम्या हातांनी.

पडद्यावर प्राणी दिसले, तो दिवस

१९११ च्या एप्रिल महिन्यातली गोष्ट. थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन फाळके गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. तिथे ‘अमेझिंग अ‍ॅनिमल्स’ हा प्राण्यांवरील चित्रपट लागला होता. भिंतीवर जिवंत जनावरे चालताना पाहून भालचंद्र हरखला. घरी येऊन त्याने आईला सारे सांगितले, पण घरात कोणाचाही विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या दिवशी फाळके साऱ्या कुटुंबाला घेऊन गेले. ईस्टरचा सण असल्याने त्या दिवशी तिथे प्राण्यांऐवजी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट दाखवला गेला. तो पाहताना फाळके यांच्या मनात राम-कृष्ण उभे राहिले आणि भारतीय चित्रपटाची कल्पना तिथेच रुजली.

हा दुसरा दिवस इतिहासात नोंदला गेला; पहिला मात्र बहुधा तळटीपेत राहतो. वास्तविक फाळके यांच्या चित्रपटांना या दोन्ही दिवसांनी घडवले. एका दिवसाने त्यांना देव दिले, तर दुसऱ्याने पडद्यावरचा प्राणी पाहून विस्फारलेले लहान मुलाचे डोळे दाखवले. आठ वर्षांनी हे दोन्ही एकाच चित्रपटात एकत्र यायचे होते.

त्यानंतर फाळके यांना दुसरे काही सुचेना. रोज चित्रपट पाहणे, रात्री जागून प्रयोग करणे, यामुळे त्यांची दृष्टी जाण्याची वेळ आली; उपचारांनी ती परत आली. विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून कर्ज काढले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला रवाना झाले. तिथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न आणि निर्माते सेसिल हेपवर्थ यांचे साहाय्य मिळाले. विल्यमसन कॅमेरा घेऊन ते परतले. भांडवलदारांना पटवण्यासाठी त्यांनी वाटाण्याचा वेल उगवतानाचा छोटा चित्रपट तयार केला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले. एवढ्यावर न थांबता फिल्मला भोके पाडणे, ती धुणे, आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाक रांधणे हेही त्यांनी अंगावर घेतले. भालचंद्र रोहिदासाच्या भूमिकेत उभा राहिला. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला आणि एका कुटुंबाच्या श्रमांतून एक उद्योग जन्मला.

हनुमानापासून कालियापर्यंत

नाशिकला बिऱ्हाड हलवल्यावर ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’ हे चित्रपट झाले. पहिल्या महायुद्धाने भांडवल आटवले. १९१७ च्या ‘लंका दहन’ने मात्र चित्र पालटले. अण्णा साळुंके यांनी त्यात राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. उड्डाण करणारा, शेपटीने लंका पेटवणारा हनुमान पाहायला लोकांची झुंबड उडाली. मद्रासमध्ये तिकिटांची नाणी बैलगाडीतून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली, असे सांगितले जाते. माकडाच्या रूपातील देवाकडे पाहून प्रेक्षक एकाच वेळी हसत होता आणि हात जोडत होता.

या यशानंतर रत्नागिरीचे सुपुत्र लोकमान्य टिळक यांनीही फाळके यांच्या उद्योगात लक्ष घातले. मनमोहनदास रामजी आणि रतनजी टाटा यांच्यासह, फाळके यांच्या कारखान्याची मर्यादित कंपनी करावी, असा प्रस्ताव पुढे आला. बोलणी झाली, पण योग जुळला नाही. अखेर १९१८ च्या प्रारंभी फाळके यांनी वामन श्रीधर आपटे आदी भागीदारांसह नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन केली. पहिला चित्रपट ‘श्रीकृष्ण जन्म’. त्यात बाळकृष्ण झाली होती फाळके यांची कन्या मंदाकिनी. पुढच्याच वर्षी तिला कालियासमोर उभे करण्यात आले.

डोहातली झुंज

‘कालिया मर्दन’च्या आरंभी फाळके यांनी एक वेगळीच गोष्ट केली. कथा सुरू होण्याआधी त्यांनी सात वर्षांच्या मंदाकिनीचा चेहरा जवळून दाखवला. ती हसते, रागावते, रुसते. एकेक भाव चेहऱ्यावर उमटत जातो. मग ही मुलगी कृष्णाच्या रूपात बदलते. आपण पाहणार आहोत तो देव म्हणजे एक खरीखुरी लहान मुलगी आहे, हे दिग्दर्शकाने प्रेक्षकापासून लपवले नाही. उलट आधीच सांगून टाकले.

त्यानंतर बराच वेळ चित्रपट निव्वळ खोड्यांचा आहे. लोण्याची चोरी, गावातल्या बाईने सवंगड्याचा अपमान केल्यावर घेतलेला सूड, झोपलेल्या नवरा-बायकोची काढलेली खोडी. नमनातल्या गवळणीशी नाते सांगणारा हा विनोद आहे. प्रेक्षक या पोरावर जीव लावून बसतो. आणि मग ते पोर यमुनेच्या डोहात उडी घेते.

पाण्याखाली कालिया आहे. फाळके यांचा हा सर्प खरा नव्हे, बनवलेला. आजच्या संगणकीय करामतींच्या तुलनेत तो साधा वाटेल. तरीही प्रसंग पकड घेतो, कारण फाळके केवळ सापाचे दर्शन घडवून थांबत नाहीत. डोहातल्या झुंजीवरून ते पुन्हा पुन्हा काठावर जातात. तिथे गोकुळ जमलेले आहे. आईवडील, गोप, गवळणी पाण्याकडे पाहत आक्रोश करीत आहेत. त्यांना डोहातले दिसत नाही, आपल्याला दिसते. सापाची भीती त्या चेहऱ्यांवरून प्रेक्षकापर्यंत पोहोचते. पुढे ५६ वर्षांनी ‘जॉज’च्या चित्रीकरणात यांत्रिक शार्क वारंवार बिघडला, तेव्हा स्टीव्हन स्पीलबर्ग यांनीही जनावर कमी आणि माणसांची धास्ती जास्त दाखवण्याचा मार्ग धरला. फाळके यांना हे उमजले होते, ते कीर्तन-आख्यानांच्या संस्कारातून आणि जादूगाराच्या अनुभवातून. जनावर कितीही अक्राळविक्राळ असो. त्याच्यासमोर उभे असलेले मूल आपले वाटले, तरच काळजात धस्स होते.

फाळके यांच्यासाठी तर ते मूल खरोखरच आपले होते. कॅमेऱ्यामागे बाप आणि कॅमेऱ्यासमोर लेक. भालचंद्र आणि मंदाकिनी या दोघांचे बालपण चित्रपटाच्या कारखान्यात गेले. घर आणि कंपनी यांच्यात भिंत नव्हती. या चित्रपटांतला जिव्हाळा त्या एकरूपतेतून आला, हे खरे. त्याची किंमतही त्याच घराने मोजली, हेही तितकेच खरे. अखेरीस कृष्ण कालियाच्या फण्यावर नाचत वर येतो, काठावर आनंद उसळतो. पडद्याबाहेर मात्र फाळके कुटुंबाची झुंज तेव्हा कुठे सुरू झाली होती.

हिशेबाचे वही-खाते

भागीदारांना वेळेत, ठरल्या खर्चात चित्रपट हवे होते. फाळके मनासारखे दृश्य मिळेपर्यंत हटत नसत. खटके वाढले आणि कीर्तीच्या शिखरावर असतानाच ते कंपनी सोडून कुटुंबासह काशीला निघून गेले. तिथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. १९२२ मध्ये ते परतले, पुन्हा त्याच कंपनीत काम करू लागले. परंतु पहिला जोम आणि पहिला अधिकार परत आला नाही. पौराणिक चित्रपटांची लाट ओसरत होती, नवे दिग्दर्शक पुढे येत होते. ‘सेतुबंधन’ हा मूकपट १९३२ मध्ये पूर्ण होईपर्यंत बोलपट अवतरला होता. त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपटही.

१९ वर्षांच्या उमेदीच्या काळात ९० हून अधिक चित्रपट आणि अनेक लघुपट करणाऱ्या या माणसाची अखेरची वर्षे ओढगस्तीत गेली. चित्रपटसृष्टीने पंचविशी साजरी केली, तेव्हा कुठे तिला आपल्या जनकाची आठवण झाली आणि काही मदत उभी राहिली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांनी अखेरचा श्वास घेतला. १९६९ मध्ये त्यांच्या नावाचा राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला. पहिल्या मानकरी देविकाराणी ठरल्या. २००९ मध्ये परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने फाळके यांच्या उद्योगी संसाराची कथा नव्या पिढीपुढे हसतखेळत मांडली.

त्यांच्या चित्रपटांपैकी बहुतेक सारे काळाने गिळले. ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच हाती लागतो, ‘लंका दहन’चे तुकडेच शिल्लक आहेत. या पडझडीतून त्यातल्या त्यात सलग वाचला तो ‘कालिया मर्दन’. मूळ सुमारे ६ हजार फुटांपैकी साधारण ४ हजार ४०० फूट फिल्म पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन झाली. संग्रहालयाचे शिल्पकार पी. के. नायर यांनी फाळके यांच्या चित्रपटांचे अवशेष शोधून काढण्यासाठी घेतलेले परिश्रम त्यामागे आहेत.

त्यामुळे मंदाकिनीचा तो हसरा, रुसका, चकित चेहरा आजही पाहता येतो. पिंडाने देवभोळ्या मानल्या गेलेल्या या दिग्दर्शकाने देवाच्या आधी एका मुलीचा चेहरा दाखवला आणि सापाच्या आधी तिच्या खोड्या. शंभरहून अधिक वर्षे लोटली. पडद्यावरची जनावरे मोठी झाली, त्यांचे दात धारदार झाले. त्यांच्यासमोर कोण उभे आहे, हा फाळके यांचा प्रश्न मात्र प्रत्येक नव्या चित्रपटाला आजही सोडवावा लागतो.