शिकार टिकावी म्हणून शिकारीलाच लावला चाप!

अमेरिकेत एक तिकीट मिळतं. दिसायला अगदी पोस्टाचं, विकलंही जातं पोस्टात, पण पाकिटावर चिकटवलंत तर पत्र जायचं नाही. त्यावर दरवर्षी नवं चित्र असतं, कधी बदकाचं, कधी हंसाचं. वयाची १६ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही तिथे रानबदकाची शिकार करायची असेल, तर हे तिकीट घ्यावंच लागतं. नाव डक स्टॅम्प, किंमत २५ डॉलर. आणि पहिल्या तिकिटावरचं चित्र काढलं होतं एका पेपरवाल्यानं! तोच माणूस तेव्हा अमेरिकेच्या वन्यजीव खात्याचा प्रमुख होता. आणि तो स्वत: बदकांचा अट्टल शिकारी होता.

गोंधळलात ना? थांबा, नीट सांगते.

त्याचं नाव जे नॉरवूड डार्लिंग. जन्म १८७६ चा, मिशिगन राज्यातला. वडील धर्मोपदेशक. जे लहान असतानाच कुटुंब आयोवा राज्यातल्या सू सिटीत राहायला आलं. तेव्हा तिथला माळ मोकळा होता, पाणथळ जागा जागोजागी होत्या आणि हिवाळ्याच्या तोंडावर आकाश बदकांनी भरून जायचं. हे सगळं या पोरानं डोळे भरून पाहिलं, बंदूक घेऊन त्यात भटकलाही.

पुढे बेलॉइट कॉलेजात गेला आणि तिथे जे केलं ते तुम्हाला नक्की आवडेल. कॉलेजच्या वार्षिक अंकात त्यानं आपल्या प्राध्यापकांना बॅले नर्तिकांच्या झग्यात नाचताना दाखवलं. कॉलेजनं त्याला एक वर्ष घरी बसवलं! पण याच काळात आडनावातली मधली अक्षरं गाळून केलेली 'डिंग' ही सही त्याला सापडली आणि ती जन्मभर टिकली.

बातमीदार होता, व्यंगचित्रकार झाला

त्याला खरं तर डॉक्टर व्हायचं होतं. फीसाठी पैसे जमवावेत म्हणून १९०० मध्ये सू सिटीतल्या एका दैनिकात बातमीदार म्हणून लागला. एकदा एका वकिलाचा फोटो आणायला पाठवलं, तर वकीलसाहेब काठी घेऊन अंगावर आले. फोटो हुकला. मग डिंगनं त्यांचं चित्र काढून दिलं आणि पेपरनं ते छापलं. मेडिकल कॉलेज राहिलं बाजूलाच. १९०६ मध्ये तो डेस मोइन्समधल्या दैनिकात गेला आणि पुढे त्याची व्यंगचित्रं देशभरातल्या शंभराहून जास्त पेपरांत छापली जाऊ लागली. पुलित्झर पुरस्कार एकदा नाही, दोनदा मिळाला, १९२४ आणि १९४३ मध्ये.

राजकारण, युद्ध, महागाई हे त्याचे रोजचे विषय. पण मध्येच एखादं चित्र आटलेल्या तळ्याचं असायचं. कारण लहानपणी पाहिलेलं आकाश रिकामं होत चाललं होतं. शेतीसाठी चर खणून पाणथळ जागांचं पाणी काढून टाकलं जात होतं. त्यात १९३० च्या दशकातला भीषण दुष्काळ आला. बदकं अंडी घालतात ती उथळ तळी कोरडी पडली.

चित्रं काढून भागणार नाही हे डिंगला कळलं होतं. १९३२ मध्ये त्यानं आयोवातल्या कृषी महाविद्यालयात वन्यजीव संशोधन केंद्र सुरू करायला लावलं. खर्चातला वाटा स्वत:च्या खिशातून उचलला.

टीका करणाऱ्यालाच खुर्ची

१९३४ उजाडलं. राष्ट्राध्यक्ष होते फ्रँकलिन रूझवेल्ट. डिंग पक्का रिपब्लिकन, हर्बर्ट हूवर यांचा मित्र आणि रूझवेल्ट यांच्या धोरणांची रोज चित्रांतून खिल्ली उडवणारा. तरीही रूझवेल्ट यांनी बदकांच्या प्रश्नावर तिघांची समिती नेमली आणि त्यात त्याला घेतलं. वन्यजीव व्यवस्थापनाचा अभ्यासक आल्डो लिओपोल्ड आणि संपादक थॉमस बेक हे इतर दोघे. नापीक झालेल्या जमिनी विकत घेऊन तिथे पुन्हा पाणी अडवावं, असं समितीनं सुचवलं. लगेच रूझवेल्ट यांनी डिंगला वन्यजीव खात्याची खुर्ची देऊ केली. टीका करणं सोपं, आता करून दाखव, असाच तो मामला. पेपरातली घसघशीत कमाई सोडून डिंग वॉशिंग्टनला गेला.

आता विचार करा. तुम्ही शिकारी आहात, तुमचे मित्र शिकारी आहेत आणि त्यांचा खेळ तुमच्या हातात आलाय. काय कराल?

डिंगनं आधी त्यांनाच चाप लावला. हंगाम ३० दिवसांवर आणला. दाणे टाकून बदकं गोळा करणं बंद. जिवंत बदकं आमिष म्हणून पाण्यात सोडणं बंद. बंदुकीत एका वेळी तीनपेक्षा जास्त काडतुसं भरणं बंद. शिकारी मंडळी भडकली. खासगी तळी राखून असलेल्या श्रीमंत क्लबांची सोय तर गेलीच, साध्या शिकाऱ्यालाही वाटलं की आपल्यावर अन्याय झाला.

पण डिंगचं गणित सरळ होतं. बदकंच उरली नाहीत तर हंगाम ३० दिवसांचा असो की ३०० दिवसांचा, काय फरक पडतो? शिकार टिकवायची तर पाणी टिकवायला हवं, त्यासाठी जमीन हवी आणि जमिनीसाठी पैसा.

तो पैसा डक स्टॅम्पनं आणला. कायदा मार्च १९३४ मध्ये झाला, ऑगस्टमध्ये एक डॉलरचं पहिलं तिकीट विक्रीला आलं. पाण्यावर उतरणाऱ्या मॅलार्ड बदकांच्या जोडीचं ते चित्र डिंगनं नमुना म्हणून शर्टाच्या घडीतल्या पुठ्ठ्यावर काढलं होतं. खात्यातल्या माणसानं तेच छापायला पाठवून दिलं! पहिल्याच वर्षी ६,३५,००१ तिकिटं विकली गेली. शिवाय सिनेटर पीटर नॉरबेक यांच्या मदतीनं डिंगनं काँग्रेसकडून ६० लाख डॉलर मिळवले. २० महिन्यांत अभयारण्यांची साखळी उभी राहू लागली. तिच्या पाट्यांवर आजही दिसणारा उडता निळा हंस डिंगचाच. १९३५ च्या नोव्हेंबरात खुर्ची सोडून तो परत ड्रॉइंग बोर्डवर आला. पण गप्प बसला नाही. १९३६ मध्ये देशभरातल्या निसर्गप्रेमी आणि शिकारी संघटनांना एकत्र आणणारा महासंघ उभा केला आणि त्याचा पहिला अध्यक्ष झाला.

दार कुणासाठी उघडलं?

गंमत पुढे आहे. तिकिटाच्या पैशातून घेतलेली अभयारण्यं सुरुवातीला शिकारीला पूर्ण बंद होती. म्हणजे पैसे शिकाऱ्याचे, पण बंदूक बाहेर! १९४९ मध्ये तिकीट दोन डॉलरचं झालं आणि अभयारण्याच्या एक चतुर्थांश भागात शिकारीला परवानगी देण्याची सोय झाली. १९५८ मध्ये ती मर्यादा ४० टक्क्यांवर गेली. शिवाय बदकांच्या विणीसाठी छोट्या छोट्या पाणथळ जागा घेतल्या जाऊ लागल्या आणि त्यातल्या बहुतेक शिकाऱ्यांना खुल्या आहेत. आपल्या मालकीचं तळं नाही, क्लबची फी परवडत नाही, असा माणूसही तिथे हंगामात जाऊ शकतो. आजवर या तिकिटांच्या पैशातून सुमारे ६० लाख एकर जागा राखली गेली आहे. अभयारण्यात बंदूक असावी का, यावर तिथे वाद आहेतच. पण वाद घालायला अभयारण्य आणि बदकं दोन्ही शिल्लक आहेत, हे विसरू नका.

डिंग १२ फेब्रुवारी १९६२ ला गेला. जाण्याच्या आधीच त्यानं एक निरोपाचं चित्र काढून सेक्रेटरीकडे ठेवलं होतं. पसाऱ्यानं भरलेली त्याची खोली आणि दारातून हॅट हलवत बाहेर पडणारी धूसर आकृती. दुसऱ्या दिवशी डेस मोइन्सच्या पेपरात ते पहिल्या पानावर आलं. फ्लोरिडातल्या सॅनिबेल बेटावरच्या अभयारण्याला आज त्याचं नाव आहे.

आता आपल्याकडे या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडे रानपक्ष्यांची शिकार हा गुन्हा आहे आणि तो गुन्हाच असायला हवा. डिंगची बंदूक आपल्याला नकोच आहे. घ्यायचं ते त्याचं गणित. आपण भिगवणला फ्लेमिंगो बघतो, नांदूर मधमेश्वरला बदकं टिपतो, रील टाकतो आणि घरी येतो. मजा आपली, राखण मात्र दुसऱ्या कुणाची तरी. अमेरिकेत आज शिकार न करणारे पक्षीनिरीक्षकही डक स्टॅम्प विकत घेतात, कुणी सक्ती न करता. ज्याला मजा हवी त्यानं आधी स्वत:ला थोडा चाप लावायचा आणि स्वत:चा खिसा उघडायचा. पुढच्या ट्रिपचं बजेट ठरवताना बोट, जेवण, पेट्रोल याच्याखाली आणखी एक ओळ लिहायला तुमची तयारी आहे का?