चिमाजी अप्पा : पोर्तुगीजांची वसई घेणारे पेशव्यांचे धाकटे भाऊ

जव्हार-मोखाड्याचे डोंगर उतरून पश्चिमेला गेलं की पालघरचा किनारा लागतो. डोंगरात मुकणे राजांचं राज्य होतं, तर किनाऱ्यावर दोनशे वर्षं पोर्तुगीजांचा अंमल होता. डहाणू, तारापूर, केळवे-माहीम, वसई अशी त्यांच्या किल्ल्यांची रांगच होती. आतल्या जंगलातला अशेरीगडही त्यांच्याकडे होता, कारण जहाजांना तिथलं सागवान लागायचं. ही रांग मोडली चिमाजी अप्पांनी.

कोण होते चिमाजी अप्पा?

बाळाजी विश्वनाथ आणि राधाबाई यांचे ते धाकटे चिरंजीव, म्हणजे थोरल्या बाजीरावांचे सख्खे भाऊ. प्रकृती नाजूक, तरी आयुष्य मोहिमांत गेलं. १७२८ मध्ये माळव्यात अमझेऱ्याला त्यांनी मोगल सुभेदार गिरधर बहादूरचा पराभव केला. मुलगा सदाशिव तान्हा असतानाच पत्नी रखमाबाई वारल्या. पुढे पानिपतावर लढलेले सदाशिवराव भाऊ ते हेच.

वसई कशी पडली?

१७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली, पण वसई हाती आली नाही. म्हणून १७३९ च्या सुरुवातीला अप्पांनी आधी माहीम, तारापूर घेऊन वसई एकटी पाडली. तारापूरला बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. मग वसईला वेढा पडला. तटाखाली सुरुंग लावले गेले. काही मराठ्यांवरच उलटले. हजारो माणसं गमावल्यावर मे महिन्यात किल्ला शरण आला. एवढं रक्त सांडूनही अप्पांनी कत्तल होऊ दिली नाही. पोर्तुगीजांना बायकामुलांसह, शस्त्रं आणि सामान घेऊन निघून जाऊ दिलं.

चर्चच्या घंटा मात्र विजयाची खूण म्हणून देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आणि भीमाशंकरला त्या आजही आहेत.

मग किल्ला ओसाड कधी झाला?

हे पाहायला अप्पा राहिले नाहीत. एप्रिल १७४० मध्ये बाजीराव गेले आणि डिसेंबरमध्ये अप्पाही. मराठ्यांनी वसई नांदती ठेवली. १७८० मध्ये इंग्रजांनी ती जिंकली, सालबाईच्या तहानं परत दिली आणि १८१८ नंतर कायमची घेतली. त्यांचं बंदर मुंबई होतं. वसईच्या तटाची त्यांना गरज उरली नाही. तिथून पडझड सुरू झाली. तीन महिन्यांच्या वेढ्यानंतरही उभा राहिलेला किल्ला खचला तो कामाचा उरला नाही म्हणून.