खटल्यानंतरच्या डॉ. रखमाबाई

स्त्रीशिक्षणाचा विषय निघाला की सावित्रीबाई, पंडिता रमाबाई, आनंदीबाई जोशी ही नावे आपल्या ओठांवर लगेच येतात. डॉ. रखमाबाईंचे नाव मात्र निघालेच तर एका गाजलेल्या खटल्यापुरते निघते. खटला संपला तेव्हा त्या अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या आणि त्यानंतर आणखी सदुसष्ट वर्षे जगल्या. त्या पुढच्या आयुष्याचीही ओळख स्मरणिकेच्या निमित्ताने करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग त्यांच्या अगदी लहानपणीच वारले. आई जयंतीबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. पुढे त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. सखाराम अर्जुन हे नामांकित डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. अशा घरातही रूढीपुढे मान तुकवावी लागली. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लावून देण्यात आले. नवरा मुलगा एकोणीस वर्षांचा होता. त्याने सासरच्या आधाराने शिकावे, असे ठरले होते. त्याने शाळा सोडली. रखमाबाईंनी मात्र घरीच पुस्तके मिळवून शिक्षण चालू ठेवले. कोवळ्या वयातले मातृत्व शरीराला घातक असते हे सखाराम अर्जुन डॉक्टर म्हणून जाणून होते. त्यामुळे मुलीला सासरी धाडण्याची घाई त्यांनी केली नाही.

आईबरोबर त्या प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना जात. तिथे बायका एकत्र बसत, आपल्याच प्रश्नांवर बोलत. रखमाबाईंच्या विचारांना इथे बळ मिळाले.

१८८४ मध्ये दादाजींनी बायकोने नांदायला यावे म्हणून मुंबई हायकोर्टात दावा लावला. रखमाबाईंचे म्हणणे सरळ होते. जाण नसलेल्या वयात, आपली संमती न घेता झालेले लग्न आपल्यावर बंधनकारक नाही. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. जो संसार कधी सुरूच झाला नाही तो पुन्हा सुरू करण्याचा हुकूम कसा द्यायचा, असा त्यांचा मुद्दा होता. त्याच वर्षी रखमाबाईंनी ‘एक हिंदू स्त्री’ या अर्थाच्या टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाह आणि वैधव्य यांवर पत्रे लिहिली. त्याच वर्षी पाठीराखे वडील सखाराम अर्जुनही गेले.

अपिलात निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला : महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैदेची तयारी ठेवली. समाज दुभंगला. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक त्यांच्या बाजूला, तर टिळकांचा ‘केसरी’ विरोधात. बावीस वर्षांच्या मुलीच्या नावाने रोज वर्तमानपत्रांत वाद झडत होता. अखेर १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन हक्क सोडला. या खटल्याने पेटलेली चर्चा, मलबारींची मोहीम आणि बंगालमधील बालवधू फुलमणी हिचा मृत्यू यांमुळे १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलींचे संमतिवय दहावरून बारावर गेले.

सुटका झाल्यावर रखमाबाई काय करतात, हा खरा प्रश्न होता. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांच्या प्रोत्साहनाने आणि लोकांनी जमवलेल्या निधीच्या बळावर १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या.

परत आल्यावर त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. परका प्रांत, परकी भाषा. त्या काळी बाळंतपण म्हणजे घरातली अंधारी खोली आणि सुईणीचे हात. पुरुष डॉक्टरने तपासायचे म्हटले की घरच्यांचा नकार ठरलेला. अशा वेळी स्त्री डॉक्टर असणे हाच कित्येकींच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न होता. सुरतेत त्यांनी सुमारे बावीस वर्षे काढली. पुढे राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयात त्या मुख्य डॉक्टर होत्या. निवृत्तीनंतर मुंबईला आल्या आणि पडद्याची चाल बंद व्हावी म्हणून पुस्तिका लिहिली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या. त्याच वर्षी हिंदू विवाह कायदा लागू झाला आणि हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देशभर मिळाला. तो मागण्याची सोय रखमाबाईंच्या तरुणपणी नव्हती.

मित्रमैत्रिणींनो, मुलीच्या लग्नाचे वय कायद्याने १८ केले त्यालाही १९७८ पासून आता बरीच वर्षे लोटली. तरी आपल्या बॅचचा आठवीचा फोटो आणि दहावीचा फोटो शेजारी ठेवून पाहा. काही मुली पहिल्यात आहेत, दुसऱ्यात नाहीत. त्यांतल्या बहुतेकींचे लग्न ठरले होते, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक होते. आपण वर्गात त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. तेव्हा तेवढी समज नव्हती. आज आहे. रखमाबाईंच्या पाठीशी आई-वडील होते, आर्य महिला समाजातल्या बायका होत्या, वर्गणी देणारी माणसे होती. तेवढा आधार प्रत्येक मुलीला घरातूनच मिळतो असे नाही.

म्हणून माजी विद्यार्थी संघाला एक विनंती. मेळाव्याच्या खर्चातून जी रक्कम उरेल ती आठवीनंतर शाळा सुटण्याच्या बेतात असलेल्या मुलींच्या एसटी पाससाठी, वह्या-पुस्तकांसाठी बाजूला ठेवावी. कोणत्या घरी जाऊन बोलायला हवे, हे वर्गशिक्षकांना बरोबर माहीत असते. त्यांच्याबरोबर आपल्यापैकी दोघे-तिघे गेले, तर त्या मुलीच्या बाजूने बोलणारे तिच्या दारात कोणीतरी असेल.