ब्रॉन्को नागुर्स्की : नांगर, मैदान आणि पेट्रोलपंप

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, कॅनडाच्या अगदी सीमेवर, इंटरनॅशनल फॉल्स नावाचे लहानसे गाव आहे. कडाक्याच्या थंडीसाठी ते त्या देशात प्रसिद्ध आहे. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात या गावातील एका पेट्रोलपंपावर एक धिप्पाड, मितभाषी गृहस्थ लोकांच्या मोटारींत इंधन भरून देत. एके काळी शिकागोच्या मैदानावर त्यांना अडविण्यासाठी दोन-तीन गडी एकाच वेळी अंगावर झेप घेत आणि तरीही ते पुढे सरकत. त्यांचे नाव ब्रॉन्को नागुर्स्की.

त्यांचा जन्म ३ नोव्हेंबर १९०८ रोजी कॅनडातील रेनी रिव्हर या गावी झाला. आईवडील युक्रेनियन, पोटासाठी मायभूमी सोडून आलेले. मूल लहान असतानाच कुटुंब सीमा ओलांडून इंटरनॅशनल फॉल्सला आले आणि वडिलांनी किराणा दुकान थाटले. मुलाचे खरे नाव ब्रॉनिस्लाव. शाळेत नाव घालताना आईचे उच्चार शिक्षिकेला उमगले नाहीत आणि हजेरीपटावर ब्रॉन्को असे नाव चढले, असे सांगितले जाते. नाव सांगणारी आई एका भाषेची आणि लिहून घेणारी लेखणी दुसऱ्या भाषेची असली की काय होते, हे आमच्या वाचकांपैकी अनेक कुटुंबांना ठाऊक आहे. ब्रॉन्को मात्र त्या नावासह वाढले. घरोघरी किराणा पोहोचविणे, शेतात राबणे, लाकूडतोडीच्या कामावर जाणे, यातच त्यांचे शरीर घडले. व्यायामशाळेचा त्यात काही वाटा नव्हता.

मिनेसोटा विद्यापीठाचे प्रशिक्षक क्लॅरेन्स स्पिअर्स यांच्या नावावर एक कथा आहे. खेळाडूंच्या शोधात फिरताना त्यांनी घोड्याविना शेत नांगरणारा एक तरुण पाहिला व त्याला रस्ता विचारला. तरुणाने नांगरच उचलून दिशा दाखविली! ही कथा स्पिअर्स यांनीच रचलेली होती. तरीही आम्ही ती गाळत नाही. कष्टकऱ्याच्या मुलाच्या अंगी असलेले सामर्थ्य लोकांच्या कल्पनेत कोणते रूप घेते, हे तिच्यातून कळते.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्याकडील पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू छातीशी धरून प्रतिस्पर्ध्यांच्या भिंतीत घुसायचे आणि यार्डायार्डाने भूमी जिंकायची, असा तो खेळ. हे घुसण्याचे काम नागुर्स्की यांचे. त्या काळी तेच अकरा गडी बहुधा चढाईही करीत आणि बचावही. १९२८ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाविरुद्ध, पाठीच्या मणक्यांना तडे गेलेले असताना, कंबरेला आधारपट्टा आवळून ते मैदानात उतरले. प्रतिस्पर्ध्याच्या हातून सुटलेला चेंडू त्यांनी मिळविला आणि एकामागून एक सहा वेळा स्वतः धाव घेऊन संघाचे विजयी गुण नोंदविले. १९२९ मध्ये तर काही निवडकर्त्यांनी चढाई आणि बचाव अशा दोन निरनिराळ्या जागांसाठी त्यांना देशातील सर्वोत्तम ठरविले.

१९३० मध्ये जॉर्ज हॅलस यांच्या शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाने त्यांना घेतले. १९३२ चा निर्णायक सामना बर्फवृष्टीमुळे एका बंदिस्त क्रीडागृहात, जेमतेम ८० यार्डांच्या मैदानावर खेळावा लागला. त्यात सर्वांना वाटले की नागुर्स्की नेहमीप्रमाणे मुसंडी मारणार; त्यांनी मागे सरकून चेंडू रेड ग्रेंज यांच्याकडे फेकला आणि बेअर्स ९-० ने जिंकले. फेक नियमात बसते की नाही यावर वाद झाला; पुढच्या वर्षी नियमच सैल करण्यात आला. १९३३ च्या अंतिम सामन्यातही न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध त्यांच्याच फेकींनी २३-२१ असा विजय मिळवून दिला. १९३४ मध्ये बीटी फेदर्स हा नवखा खेळाडू एका हंगामात हजार यार्डांहून अधिक धावणारा पहिला ठरला. त्याची वाट मोकळी करण्यासाठी पुढे अंग झोकून देणारे नागुर्स्की होते. विक्रमांच्या तक्त्यात हे श्रम दिसत नाहीत.

येथे आम्हाला थोडे थांबणे भाग आहे. स्थलांतरितांचा मार्गही सोपा नव्हता. १९२४ च्या कायद्याने पूर्व युरोपीय लोकांसाठी अमेरिकेची दारे जवळजवळ मिटली. तरीही युक्रेनियन दुकानदाराच्या मुलाला मैदान मोकळे होते. नागुर्स्की विद्यापीठात खेळू लागण्यापूर्वी, ऑक्टोबर १९२३ मध्ये, मिनियापोलिस येथे याच विद्यापीठाविरुद्ध खेळताना आयोवा स्टेटचे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू जॅक ट्राइस जबर जखमी झाले आणि दोन दिवसांनी त्यांचे निधन झाले. खुद्द शिकागोत कार्डिनल्स या संघात जो लिलार्ड नावाचे कृष्णवर्णीय खेळाडू चमकत होते. १९३३ नंतर त्यांना कोणत्याही संघाने घेतले नाही. १९३४ ते १९४५ या बारा वर्षांत त्या व्यावसायिक स्पर्धेत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. याचा नियम कोठेही लिहिलेला नव्हता. संघमालकांत हॅलसही होते. नागुर्स्की यांनी हे दार लावले असे आम्ही म्हणणार नाही. पण त्यांच्या कीर्तीची ऐन वर्षे त्या बंद दारामागची आहेत, आणि त्यांचे चरित्र सांगताना ही नोंद गाळली तर तो इतिहास होत नाही.

मैदान मोकळे असले तरी मोबदला बेताचाच होता. पहिल्या वर्षी ५,००० डॉलर मिळाले. महामंदीत ती रक्कम ३,७०० पर्यंत उतरली. संसार चालविण्यासाठी त्यांनी व्यावसायिक कुस्ती धरली. ही कोल्हापूरच्या तांबड्या मातीतील कुस्ती नव्हे. तिकडे निकाल बहुधा आधीच ठरलेले असत. जून १९३७ मध्ये डीन डेटन यांना हरवून ते विश्वविजेते म्हणवले गेले. एकीकडे फुटबॉलचे सामने, दुसरीकडे रात्री नव्या शहरात कुस्ती, असा त्यांचा तो हंगाम गेला. त्यानंतर त्यांनी पगारवाढ मागितली, हॅलस यांनी ती नाकारली आणि वयाच्या तिशीच्या आतच नागुर्स्की यांनी फुटबॉल सोडला.

महायुद्धात तरुण खेळाडू सैन्यात गेले, तेव्हा १९४३ मध्ये याच मालकाने त्यांना परत बोलाविले. आता वय ३५ च्या घरात; काम पुढच्या फळीत टॅकलचे. हंगामाच्या शेवटच्या साखळी सामन्यात कार्डिनल्सविरुद्ध बेअर्स १४-२४ असे मागे पडले, तेव्हा त्यांच्या हाती पुन्हा चेंडू दिला गेला. बेअर्सनी तो सामना ३५-२४ असा जिंकला. अंतिम सामन्यात वॉशिंग्टनविरुद्धही त्यांनी गुण मिळविले, विजेतेपद मिळाले आणि त्यांनी फुटबॉलला कायमचा निरोप दिला.

१९६३ मध्ये व्यावसायिक फुटबॉलच्या कीर्तिमंदिरात ज्यांची पहिल्याच तुकडीत निवड झाली त्यांत ते होते. गावात मात्र त्यांची ख्याती निराळी होती. त्यांनी एकदा घट्ट फिरवलेले टाकीचे झाकण दुसऱ्या कोणाला उघडत नसे, त्यामुळे गिऱ्हाइकाला पुन्हा त्यांच्याच पंपावर यावे लागे, असे लोक हसत सांगत. सत्तरीपर्यंत त्यांनी ते काम केले. ७ जानेवारी १९९० रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी, इंटरनॅशनल फॉल्स येथेच त्यांचे निधन झाले.