सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस



२०२० च्या जून महिन्यात गलवान खोऱ्यात आपले २० जवान कामी आले. पुढे टाळेबंदी उठून रविवारची शाळा पुन्हा भरू लागली, तेव्हा अनगोळच्या आमच्या वर्गातील एका मुलाने मला विचारले की, चिनी माणसे सगळीच वाईट असतात का? बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचे गाव. कुणाचा काका, कुणाचा मामा पलटणीत आहे. त्यामुळे त्या प्रश्नामागचा राग मला समजत होता. उत्तर मात्र त्या दिवशी सुचले नाही. पुढच्या रविवारी मी मुलांना डॉ. कोटणिसांची हकीगत सांगितली. तीच येथे देतो. ते ख्रिस्ती नव्हते, हे आधीच सांगून ठेवतो.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले आणि पुढील शिक्षणाच्या तयारीत होते. इकडे १९३७ च्या जुलैत जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर व औषधे पाठविण्याची विनंती केली.

त्या वेळी हिंदुस्थानला स्वतःचे परराष्ट्र धोरण नव्हते. कोणाशी मैत्री व कोणाशी वैर, हे लंडनला ठरत असे. पण लोकांना मत होते. १९३८ च्या फेब्रुवारीत हरिपुरा येथे सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्यात चीनबद्दल सहानुभूतीचा ठराव झाला व जपानी माल घेऊ नये असे लोकांना सांगण्यात आले. जुलैत चीनसाठी निधी गोळा करण्याचे दिवस पाळले गेले आणि सुमारे २२ हजार रुपये जमले. (आमच्या अनगोळला लागून असलेल्या टिळकवाडीच्या बाजूला १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरली होती. तेथील काँग्रेस विहीर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली आहे. देशाच्या धोरणात सामान्य माणसानेही बोलावे, हे अशा अधिवेशनांतूनच लोक शिकत गेले.)

ठराव करणे सोपे, वर्गणी देणेही त्या मानाने सोपे. जायचे कोणी? पाच डॉक्टर पुढे आले : अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी, आणि पाचवे २७ वर्षांचे कोटणीस. त्यांच्या घरी चीनविषयी कितीशी माहिती असणार? चिनी रेशीम विकायला येणारी माणसे तेवढी घरच्यांना ठाऊक होती. परदेशाविषयी आपले मत पुष्कळदा एवढ्याच ओळखीवर उभे असते.

१९३८ च्या सप्टेंबरात ही तुकडी मुंबईहून बोटीने निघाली. चीनमध्ये प्रत्येकाला चिनी नाव मिळाले. कोटणिसांचे झाले को-ती-हुआ. त्यातील हुआ म्हणजे चीन. पुढे चुंगकिंगला असताना वडील वारल्याची बातमी त्यांना कळली. परत जाण्यास कोणी आडकाठी केली नसती आणि गेले असते तर कोणी नावे ठेवली नसती. परंतु ते इतरांबरोबर पुढे निघाले व १९३९ च्या फेब्रुवारीत येनानला पोहोचले.

तेथून ते उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर गेले. १९४० मधील एका लढाईत त्यांनी ७२ तासांपर्यंत झोप न घेता शस्त्रक्रिया केल्या आणि ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले. त्या भागात त्यांच्या आधी कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून काम करीत होते. हे एका प्रेस्बिटेरियन पाळकाचे पुत्र. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात विष भिनून ते नोव्हेंबर १९३९ मध्ये वारले. त्यांच्या नावाच्या इस्पितळाचे प्रमुखपद १९४१ च्या जानेवारीत कोटणिसांकडे आले.

एव्हाना तिघे सोबती मायदेशी परतले होते. पुढे १९४३ मध्ये डॉ. बसूही परतले. कोटणीस मात्र राहिले. ते चिनी भाषा बोलायलाच नव्हे तर लिहायला-वाचायलाही शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तक लिहू लागले. मला त्यांच्या चरित्रातील हा भाग सर्वांत मोठा वाटतो. आपण सीमाभागातील माणसे. शेजाऱ्याची भाषा शिकणे म्हणजे काय आणि न शिकण्याचा हट्ट धरणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको. मोर्चाच्या दिवशी ज्यांच्याविरुद्ध घोषणा दिल्या, त्यांच्याच दारी दुसऱ्या दिवशी आपण विरजण मागायला जातो, आणि ते मिळतेही.

१९४१ च्या अखेरीस त्यांनी गुओ चिंगलान या परिचारिकेशी विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे नाव यिनहुआ, म्हणजे भारत-चीन. त्याच वर्षी ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासदही झाले. हे आपल्यापैकी काहींना रुचणार नाही, पण चरित्र सांगताना गाळणे बरे नव्हे. अतिश्रमाने प्रकृती खालावली होतीच. अपस्माराचे झटके येऊ लागले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, ते वारले. मूल साडेतीन महिन्यांचे होते.

लोकमत पुढे कसे फिरत गेले पाहा. १९३८ साली चीनसाठी निधी उभारणाऱ्या नेताजींनीच १९४३ मध्ये, देशाच्या स्वातंत्र्यासाठी, जपानची मदत घेतली आणि लोकांनी त्यांनाही डोक्यावर घेतले. १९४६ मध्ये शांतारामबापूंनी कोटणिसांवर बोलपट काढला. १९५४ ला पंचशील करार झाला आणि भाई-भाईच्या घोषणांनी रस्ते दुमदुमले. १९६२ च्या ऑक्टोबरात युद्ध पेटले, आणि आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या हजारो चिनी वंशाच्या लोकांना बायकामुलांसह राजस्थानातील देवळी येथे छावणीत ठेवण्यात आले. चीनने आपला विश्वासघात केला, ही त्या वेळची भावना खोटी नव्हती. पण देवळीला नेलेल्या त्या पोरांनी कोणती सीमा ओलांडली होती?

यिनहुआ वैद्यकीचे शिक्षण घेत असता १९६७ मध्ये वारला. चिंगलानबाईंनी मात्र सासरचे नाते सोडले नाही. त्या सोलापूरच्या या घराण्याला भेटायला भारतात येत राहिल्या. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. चीनने १९८२ मध्ये आणि आपण १९९३ मध्ये कोटणिसांचे टपाल तिकीट काढले. मधल्या ११ वर्षांचा अर्थ ज्याचा त्याने लावावा. सोलापुरातील त्यांचे घर आता स्मारक आहे, आणि चीनमध्ये बेथ्यून यांच्या समाधीजवळच त्यांचीही समाधी आहे.

२०१३ च्या मे महिन्यात चीनचे पंतप्रधान मुंबईस आले. सीमेवर तेव्हाही तणाव होता. महिनाभरापूर्वीच लडाखमध्ये दोन्ही सैन्ये समोरासमोर तंबू ठोकून बसली होती. तशातही पंतप्रधानांनी वेळ काढून कोटणिसांच्या वृद्ध भगिनी मनोरमाबाईंची भेट घेतली.

एवढे सांगून झाल्यावर त्या मुलाने मला नकाशात सोलापूर दाखवायला सांगितले. मग तेथून चीनपर्यंत त्याने बोट नेले आणि एवढ्या लांब बोटीने जायला किती दिवस लागले असतील, ते विचारू लागला.