कै. डॉ. विष्णु माधव घाटगे

रत्नागिरीहून आंबा घाट चढून देशावर गेले म्हणजे कोल्हापूर लागते. त्या जिल्ह्यात गडहिंग्लजजवळ हसूरचंपू नावाचे खेडे आहे. ता. २४ ऑक्टोबर १९०८ रोजी ह्या खेड्यात जन्मलेल्या बालकाच्या हातून पुढे स्वदेशी विमानाची रचना व्हावयाची आहे, हे तेव्हा कोणाच्या स्वप्नीही आले नसेल. विमान ही वस्तूच त्या वेळी जगात जेमतेम पाच वर्षांची होती.

उच्च शिक्षणासाठी घाटगे जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात गेले. तेथे लुडविग प्रांट्ल ह्या थोर शास्त्रज्ञांचे शिष्यत्व त्यांस लाभले. वाहत्या हवेचा एक पातळ थर पंखाच्या पृष्ठभागास कसा धरून राहतो, व तो सुटला म्हणजे विमानाची उचल कशी ढासळते, हे प्रांट्ल यांनी जगास उलगडून दाखविले होते. १९३६ साली घाटगे यांस डॉक्टर ही पदवी मिळाली.

१९४० साली शेठ वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साह्याने बंगलोर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला. डॉ. घाटगे त्यात दाखल झाले. महायुद्धामुळे तेथे मुख्यत्वे परक्या विमानांची दुरुस्तीच चाले. परंतु दुसऱ्याने केलेले यंत्र दुरुस्त करणे निराळे व कोऱ्या कागदावर आपले यंत्र आखणे निराळे. ही दुसरी विद्या देशात रुजावी हा डॉ. घाटगे यांचा ध्यास होता. युद्धकाळात त्यांनी दहा माणसे बसतील असे एक बिनइंजिनाचे विमान आखले. आणि १९४२ साली बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानशास्त्राचे शिक्षण सुरू झाले, तेव्हा त्या उभारणीतही त्यांचा हात होता.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली नव्या वैमानिकांस धडे देण्याजोगे विमान आखण्याचे काम त्यांच्याकडे आले. भारतीयांनी आखलेले विमान सुरक्षित उडेल काय, ही शंका साहजिक होती. कारण येथील चूक कागदावर राहत नाही, ती वैमानिकाच्या प्राणावर बेतते. डॉ. घाटगे यांनी १५५ अश्वशक्तीच्या एका इंजिनाचे, पुढे पंखा असलेले, संपूर्ण धातूचे विमान आखले. त्यात गुरू व शिष्य एकामागे एक बसत. ता. ५ ऑगस्ट १९५१ रोजी ह्या ‘एचटी-२’ विमानाने प्रथम उड्डाण केले. पुढे अशी दीडशेहून अधिक विमाने तयार झाली, व वैमानिकांच्या कित्येक तुकड्यांनी उड्डाणाची पहिली अक्षरे त्यांवर गिरविली.

१९५६ साली कुर्ट टँक हे प्रसिद्ध जर्मन अभियंते बंगलोरला आले. महायुद्धाच्या अखेरीस त्यांनी ‘टा १५२ एच’ हे अत्युच्च उंचीवर लढणारे पंख्याचे विमान निर्माण केले होते. बारा किलोमीटर उंचीवर हवा समुद्रकाठच्या हवेच्या सुमारे चतुर्थांश उरते. तेथे इंजिनाचा श्वास कोंडतो, पंख्यास कापावयास हवा पुरत नाही आणि वैमानिक गुदमरतो. म्हणून टँक यांनी इंजिनात हवा दोन टप्प्यांनी दाबून भरण्याची योजना केली, पंखांचा विस्तार सुमारे साडेचौदा मीटरपर्यंत वाढविला व वैमानिकाची कोठडी हवाबंद केली. कौशल्य अलौकिक, परंतु ते एका अन्यायी सत्तेच्या सेवेस वाहिलेले होते. अशी विमाने शंभरही झाली नाहीत तोच ती सत्ता धुळीस मिळाली.

तेच टँक आता एका स्वतंत्र देशासाठी ‘मारुत’ हे जेट लढाऊ विमान आखू लागले, तेव्हा डॉ. घाटगे यांच्या हाताखाली तयार झालेले तरुण अभियंते त्यांच्या मदतीस सिद्ध होते. ता. १७ जून १९६१ रोजी मारुत आकाशात गेले. मात्र जोगते सामर्थ्यवान इंजिन न मिळाल्यामुळे ठरविलेला वेग त्यास कधीच गाठता आला नाही. देह स्वदेशी, पण प्राण परक्याचा. हे शल्य राहिले. तरीही १९७१ च्या युद्धात त्याने उत्तम कामगिरी बजावली.

डॉ. घाटगे पुन्हा धडे देणाऱ्या विमानाकडेच वळले. त्यांनी आखलेले ‘किरण’ हे जेट विमान ता. ४ सप्टेंबर १९६४ रोजी उडाले. १९६५ साली सरकारने त्यांस पद्मश्री दिली. ता. ६ डिसेंबर १९९१ रोजी ते निवर्तले.

लढाऊ विमानाचा लौकिक दिगंत पसरतो. शिकाऊ विमानाचे नाव फारसे कोणी घेत नाही. परंतु पहिल्याच्या वैमानिकास दुसऱ्यावरच बसून शिकावे लागते. विद्यार्थी मित्रहो, डॉ. घाटगे यांनी आपले आयुष्य ह्या पहिल्या पायरीस वेचले. उंच जाऊ इच्छिणाऱ्याने ती पायरी हलकी लेखू नये, आणि मिळविलेली उंची कोणाच्या कामी लावावयाची याचाही आधी विचार करावा, हेच त्यांच्या चरित्रावरून आपण शिकावयाचे आहे.