ग्रेगोर मेंडेल : वाटाण्याच्या वाफ्यातील शोध

मूल जन्मास आले म्हणजे घरची वडील माणसे त्याचे तोंड निरखून पाहतात. नाक बापाचे, कपाळ आईचे, असे बोलणे होते. कधी आईबापांत न दिसणारे एखादे लक्षण नातवात उमटते आणि सर्वांस नवल वाटते. असे का घडते, याचा नियम ज्यांनी प्रथम दाखविला त्या पुरुषाचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

मेंडेल यांचा जन्म सन १८२२ च्या जुलै महिन्यात हिंचित्से या खेड्यात झाला. हे खेडे तेव्हा ऑस्ट्रियन साम्राज्यात होते. आता ते चेक प्रजासत्ताकात आहे. त्यांचे पाळण्यातील नाव योहान. बाप गरीब शेतकरी असून त्यास आठवड्यातून तीन दिवस जमीनदाराकडे वेठ करावी लागे. सन १८३८ मध्ये लाकडाच्या ओंडक्याखाली सापडून बाप अधू झाला आणि योहानाच्या शिक्षणास पैसा मिळेनासा झाला. तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया हिने आपल्या लग्नासाठी राखलेल्या रकमेतील काही भाग भावास दिला. हा उपकार ते विसरले नाहीत. पुढे तिच्या मुलांच्या शिक्षणास त्यांनी हात दिला.

सन १८४३ मध्ये ते ब्रनो शहरातील ऑगस्टिनियन मठात दाखल झाले व तेथे त्यांस ग्रेगोर हे नाव मिळाले. सन १८४७ मध्ये त्यांस धर्मगुरूची दीक्षा मिळाली. परंतु आजाऱ्यांच्या यातना पाहून त्यांचे मन इतके खचे की, त्यांस शाळेत शिकविण्याचे काम देण्यात आले. शिक्षकाच्या परीक्षेत सन १८५० मध्ये ते नापास झाले. मग मठाने त्यांस दोन वर्षे व्हिएन्ना येथे शिकविले. तरी सन १८५६ मध्ये दुसऱ्यांदाही ती परीक्षा पार पडली नाही. त्याच वर्षी त्यांनी मठाच्या बागेत वाटाण्याचे प्रयोग आरंभिले.

वाटाण्याचे फूल आपल्याच परागाने फळते. मेंडेल कोवळ्या फुलातील पुंकेसर काढून टाकीत आणि दुसऱ्या वाणाचा पराग त्यावर लावीत. गोल दाण्याचा व सुरकुतलेल्या दाण्याचा असे दोन वाण त्यांनी एकत्र केले, तेव्हा सर्व दाणे गोलच निघाले. सुरकुती जणू नाहीशी झाली. पुढच्या वर्षी त्याच दाण्यांची रोपे त्यांनी आपोआप फळू दिली आणि एकेक दाणा मोजला. ५,४७४ गोल व १,८५० सुरकुतलेले भरले. म्हणजे सुमारे तिनास एक. अशी सात लक्षणे त्यांनी आठ वर्षे तपासली आणि सर्वांचा हिशेब तोच आला.

यावरून त्यांनी ताडले की, दुधात पाणी मिसळावे तसे आईबापांचे गुण मिसळून जात नाहीत. प्रत्येक लक्षणाची दोन बीजे असतात, एक आईकडील व एक बापाकडील. एक बीज दुसऱ्यास झाकते. परंतु झाकलेले बीज नष्ट होत नाही. संततीस देताना दोहोंपैकी एकच दिले जाते, आणि दोन झाकलेली बीजे एकत्र आली की लपलेले लक्षण प्रकट होते. निरनिराळ्या लक्षणांची बीजे नव्या नव्या रीतीने जुळतात. म्हणूनच एकाच आईची लेकरे एकमेकांहून वेगळी असतात.

हा शोध त्यांनी सन १८६५ मध्ये ब्रनो येथील विद्वानांपुढे वाचला व पुढील वर्षी तो छापला गेला. परंतु त्याचे मोल कोणास कळले नाही. सन १८६८ मध्ये ते मठाध्यक्ष झाले. पुढे मठावरील कराच्या वादात त्यांची शेवटची वर्षे गेली, आणि ६ जानेवारी १८८४ रोजी ते निवर्तले. सोळा वर्षांनंतर, सन १९०० मध्ये, द व्रीस, कोरेन्स व चेर्माक या तिघांच्या लेखांनी तो नियम पुन्हा उजेडात आला.

मेंडेल यांच्या त्या बीजांस आज जनुक म्हणतात. जनुक हा जणू रासायनिक अक्षरांत लिहिलेला लेख होय. त्याची नक्कल होताना क्वचित एखादे अक्षर बदलते किंवा अधिक मजकूर शिरतो. यास उत्परिवर्तन म्हणतात. मेंडेल यांचा सुरकुतलेला दाणा अशाच शिरलेल्या तुकड्यामुळे झाला, हे सन १९९० मध्ये उघड झाले.

ही गोष्ट केवळ वाटाण्याची नाही. आमच्याकडे नंदुरबार, गडचिरोली इत्यादी जिल्ह्यांत सिकलसेल नावाचा रक्ताचा रोग आढळतो. त्याचे मूळ एका अक्षराच्या बदलात आहे. आईबाप दोघेही धडधाकट दिसतात. परंतु दोघांतही ते बीज झाकलेले असले तर प्रत्येक बाळंतपणी मुलास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. असे मूल जन्मले म्हणजे पुष्कळ घरी सुनेस बोल लावतात. तो अन्याय आहे. एक बीज आईकडून आले, तसे दुसरे बापाकडून आले. आणि दोघांनीही ते जाणून दिलेले नाही. रक्ताच्या साध्या तपासणीने हे बीज लग्नापूर्वीच ओळखता येते. ती तपासणी वधू व वर या दोघांचीही व्हावी, आणि रडणाऱ्या आईस दोष देण्यापूर्वी वाचकांनी मेंडेल यांच्या वाटाण्यांचे स्मरण करावे, अशी आमची विनंती आहे.